ओम्नीला हीट अलार्म बसवला, दोन आंबा सीझन वापरून लिहितोय

आधी गाडी सांगतो म्हणजे पुढचं नीट कळेल. ओम्नी कार्गो, २०१३ ची, पेट्रोल. मी चिपळूणला राहतो, एप्रिल-मे मध्ये आंब्याच्या पेट्या भरून कुंभार्ली घाट चढून कराडला जातो आणि येताना तिकडून भाजी, कांदा, बटाटा जे बरं मिळेल ते भरून आणतो. म्हणजे वर्षातला सगळ्यात कडक उन्हाळा, गाडीत सगळ्यात जास्त वजन आणि वर चढाव, हे तिन्ही आमच्या नशिबी एकदमच येतं. इंजिन तेच जुनं मारुती ८०० वालं, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, आणि बसतं कुठे तर आपल्या पुढच्या सीटच्या खाली. ओम्नी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहितीये की इंजिन किती तापलंय हे काट्याच्या आधी सीट सांगते.

पण सीट पण उशिराच सांगते, आणि काटा तर चक्क फसवतो, हे मला तीन वर्षांपूर्वी कळलं. त्याचीच गोष्ट आधी सांगतो कारण मी जे काय बसवलं ते का बसवलं हे त्यातच आहे.

अठरा पेट्या होत्या, पाच डझनी. पोफळी सोडली, घाट सुरू झाला, चार-पाच वळणं झाली तेव्हा काटा अर्ध्याच्या थोडा वर होता, ते माझ्या गाडीला घाटात नेहमीचंच. मग थोड्या वेळाने बघतो तर काटा हळूहळू खाली यायला लागला. मला बरं वाटलं, म्हटलं वर आलो, हवा लागली, गाडी गार झाली. अजून दोन वळणं गेली, काटा आणखी खाली, आणि मग एकदम सीटखालून जळका वास, इंजिन खडखडायला लागलं, पिकअप गेला आणि गाडी जागेवर बंद. खाली उतरून बघितलं तर रेडिएटरच्या खालच्या बाजूचा होज म्हणजे रबरी पाइप क्लिपपाशी फाटलेला आणि मागे रस्त्यावर पाण्याची ओली रेघ. पाणी कधीच संपलं होतं.

आता काटा खाली का आला ते मला मेकॅनिक चाचांनी समजावलं. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो, तो पाण्याचं टेंपरेचर सांगतो, इंजिनचं नाही. पाणी असतं तोवर दोन्ही जवळपास सारखंच म्हणून आपण त्याला इंजिनचं टेंपरेचर म्हणतो. पाणी गेलं की सेन्सर कोरडा पडतो, त्याच्या भोवती नुसती वाफ आणि हवा, ती त्याला पाण्यासारखी उष्णता देत नाही, मग तो म्हणतो गार आहे, आणि तिकडे हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, भाजून निघत असतं. म्हणजे ज्या वेळी त्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमका त्याच वेळी तो खोटं बोलतो. हे कुठल्याही कंपनीच्या गाडीत असंच, ओम्नीचा काय वेगळा दोष नाही.

हेड वाकलं होतं. ॲल्युमिनियमचं हेड, खाली बिडाचा ब्लॉक, तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, मर्यादेबाहेर गेलं की सरळ राहत नाही. हेड फेसिंग, गॅस्केट सेट, होज, कूलंट, मजुरी धरून साडेनऊ हजार गेले, वर पेट्या पोचवायला दुसरा टेम्पो बोलवावा लागला तो वेगळाच, आणि सीझनचे पाच दिवस गाडी गॅरेजला. सीझनमध्ये पाच दिवस म्हणजे काय ते आंब्यावाल्यांना सांगायला नको.

त्यानंतर मी ठरवलं की पुढच्या उन्हाळ्याच्या आधी गाडीला नीट मीटर आणि अलार्म बसवायचाच. एकूण दोन वस्तू स्वतः बसवून वापरल्या, दोन दुसऱ्यांच्या गाडीत जवळून बघितल्या. चारीबद्दल लिहितो.

पहिली वस्तू ऑनलाइन मागवली. गोल डिजिटल वॉटर टेंपरेचर मीटर, ५२ मिलिमीटरचं, सोबत सेन्सर आणि होजच्या मध्ये घालायचा ॲल्युमिनियमचा जॉइंटर, सगळं मिळून साडेबाराशेला. कंपनीचं नाव लिहून उपयोग नाही, तेच मीटर दहा नावांनी विकतात. होज कापायचा, मध्ये जॉइंटर घालायचा, दोन्हीकडे क्लिपा आवळायच्या आणि जॉइंटरच्या भोकात सेन्सर फिरवायचा. दिसायला मस्त, आकडे निळे, रात्री छान दिसतात. पण बसवल्यावर मीटर काय हालेचना, सारखा सगळ्यात खालचाच आकडा. दोन दिवस डोकं खाल्लं. मग ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली तर त्याने एका मिनिटात सांगितलं, दादा याला अर्थिंग कुठाय? एक वायरचा सेन्सर असला की त्याची दुसरी वायर म्हणजे इंजिनची बॉडी, आणि तुमचा जॉइंटर दोन रबरी होजच्या मध्ये लटकतोय, रबरातून करंट जाणार कसा. जॉइंटरला एक स्क्रू मारून तिथून चॅसीला वायर दिली आणि आकडा आला. वर मी सेन्सरच्या आट्यांना भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली होती लीक होऊ नये म्हणून, ती पण अर्थिंग तोडते, ती त्याने काढून अगदी एक वेढा ठेवला. पाकिटातल्या कागदावर यातलं एक अक्षर नव्हतं. कोण हे जॉइंटरवालं मीटर घेत असेल तर एवढं लक्षात ठेवा, अर्थची वायर वेगळी ओढायचीच.

मीटर चाललं, आकडा बरोबर दाखवायला लागलं, तरी मी समाधानी नाही त्याची दोन कारणं. एक म्हणजे याचा सेन्सर पण पाण्यातच. होज फाटला तर हा पण काट्यासारखाच गार दाखवणार, म्हणजे माझा जो मूळ प्रॉब्लेम तो तसाच. आणि त्याहून वाईट म्हणजे हा वरच्या होजमध्ये बसतो, तिथे गरम पाणी येतं ते थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावर ते रेडिएटरकडे सोडणारी झडप, उघडल्यावर. बहुतेक पेट्रोल गाड्यांत थर्मोस्टॅट ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास उघडायला लागतो. समजा तो बंदच अडकला तर इंजिनमध्ये पाणी उकळतंय आणि होजमधलं मीटर आरामात पन्नास-साठ दाखवतंय असं होऊ शकतं. आपण पैसे घालून घेतलं आणि ते कंपनीच्या काट्यापेक्षा जास्त फसवू शकतं, हे मला पटेना.

दुसरं कारण आवाज. त्यात अलार्म आहे, सेट पण करता येतो, पण आवाज घड्याळाच्या गजराएवढा. घाटात दुसऱ्या गिअरला ओम्नीत शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, त्यात तो पिक पिक कोण ऐकणार. घरासमोर उभ्या गाडीत टेस्ट केली तेव्हा बरा वाटला होता. अलार्म घेताना गाडी घाटात आहे असं समजूनच घ्या.

दुसरी वस्तू ही खरी कामाची निघाली आणि सगळ्यात स्वस्त पण. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात डब्ल्यू १२०९ नावाचा छोटा बोर्ड मिळतो, अंडी उबवायच्या मशीनला, फ्रीजला, मत्स्यटाकीला लोक लावतात तो. १२ व्होल्टवर चालतो, तीन आकडी लाल डिस्प्ले, एक रिले (ठरलेल्या टेंपरेचरला आपोआप लागणारा स्विच), तीन बटणं. उणे ५० ते ११० डिग्रीपर्यंत मोजतो. भाचा मुंबईला असतो त्याने लॅमिंग्टन रोडवरून दोन आणले, एक १३० ला पडला. दोन आणायला मीच सांगितलं होतं आणि ते बरं झालं, का ते पुढे येतंय.

यात मुख्य मुद्दा असा की याचा सेन्सर पाण्यात घालायचाच नाही, तो हेडच्या धातूला लावायचा. पाणी असो नसो, हेड तापलं की तो तापणार. सोबत जो सेन्सर येतो तो स्टीलच्या टोपीतला, त्याची वायर साध्या प्लास्टिकची, इंजिनजवळ ती टिकत नाही, मऊ पडते. म्हणून त्याच्या जागी रिंगवाला सेन्सर घेतला, म्हणजे बॅटरीच्या वायरला जशी गोल कडी असते तशा कडीत सेन्सर दाबलेला असतो, कडी बोल्टखाली धरायची. घेताना १० के, ३९५० लिहिलेलाच घ्या, हा बोर्ड त्याच आकड्यावर बेतलेला आहे, दुसरा घेतला तर आकडे चुकणार. वायर दोन मीटर वाढवली तर आकडा चुकेल का अशी मला भीती होती, पण १०० डिग्रीला त्या सेन्सरचा रेझिस्टन्स सातशे ओहमच्या आसपास असतो, दोन मीटर वायरचा एक ओहम पण नाही, काय फरक पडत नाही.

कडी कुठल्या बोल्टखाली हा प्रश्न महत्त्वाचा. हेड बोल्टला हात लावायचा नाही, अजिबात नाही. ते बोल्ट ठराविक टॉर्कने आवळलेले असतात, एक सैल करून खाली कडी घातली तर गॅस्केट गेलीच समजा. चाचांनी हेडवरच एका ब्रॅकेटचा छोटा बोल्ट शोधला, एक्झॉस्टच्या विरुद्ध बाजूचा. एक्झॉस्टच्या बाजूला लावलं तर सायलेन्सर पाइपची धग लागून आकडा उगाच वर दाखवतो. जागा पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केली, कडीखाली हीटसिंक पेस्ट लावली, वायरवर काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवली आणि सीटखालून ओढून डॅशबोर्डला आणली. ओम्नीत एक सोय आहे, सीट उचलली की इंजिन समोरच, दुसऱ्या गाड्यांसारखं खाली झोपावं लागत नाही.

लावायच्या आधी घरी टेस्ट घेतली, ही प्रत्येकाने घ्यावी. चहाच्या पातेल्यात पाणी खळखळ उकळवलं आणि जुना टोपीवाला सेन्सर दोऱ्याने बांधून मधोमध सोडला, बुडाला टेकू द्यायचा नाही. चिपळूण जवळपास समुद्रसपाटीलाच, म्हणजे १०० यायला हवं. आलं ९८.७. रिंगवाला सेन्सर पाण्यात घालून खराब करायचा नव्हता म्हणून दोन्ही एकत्र कापडात गुंडाळून उन्हात ठेवले आणि एकामागून एक बोर्डाला जोडून आकडे ताडून पाहिले, अर्ध्या डिग्रीचा फरक. मग बोर्डाच्या पी-फोर नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन सव्वा डिग्री वाढवली, त्यासाठीच ती सेटिंग आहे. कोणी वर महाबळेश्वरला राहून ही टेस्ट घेणार असेल तर तिथे पाणी ९५ च्या आसपासच उकळतं, शंभर येत नाही म्हणून बोर्ड बदलायला जाऊ नका.

सेटिंगबद्दल दोन शब्द, कारण सोबत येणारा कागद वाचून डोकं फिरतं. सेटचं बटण एकदा दाबलं की आकडा लुकलुकतो, तिथे अलार्मचं टेंपरेचर टाकायचं. तेच बटण पाच सेकंद दाबून धरलं की पी-झिरो येतं, त्यात एच आणि सी असं दोन असतं, आपल्याला सी पाहिजे, म्हणजे टेंपरेचर वर गेलं की रिले लागतो. एच ठेवलं तर गाडी गार असताना बझर वाजत बसेल. पी-वन म्हणजे रिले परत सुटायला किती डिग्रीचा फरक, ते दोन राहू दे. पी-फाइव्ह म्हणजे उशीर, ते शून्यच ठेवा. आणि त्या रिलेच्या दोन स्क्रूंमध्ये १२ व्होल्ट येत नाहीत, ते नुसतं स्विचसारखं जोडतं-तोडतं, म्हणून बझरचा प्लस त्यातून फिरवून न्यायचा. माझा इलेक्ट्रिशियन पण पहिल्यांदा तिथेच अडला होता.

आता पहिला बोर्ड मेला त्याबद्दल. आम्ही तो सरळ इग्निशनच्या वायरला जोडला होता. नाव १२ व्होल्टचं असलं तरी गाडी चालू असताना साडेचौदाच्या आसपास व्होल्टेज येतं, शिवाय स्टार्टर मारताना आणि हॉर्न दाबताना झटके असतातच. नऊ दिवस चालला, दहाव्या दिवशी सकाळी स्टार्टर मारल्यावर डिस्प्ले बंद तो बंदच. बोर्डाची चूक म्हणणार नाही, तो घरातल्या अडॅप्टरवर चालायला बनवलाय. दुसऱ्याला मग एक अँपिअरचा फ्यूज, मालिकेत एक डायोड आणि पुढे मोठा कपॅसिटर असं लावून दिलं, तीस-चाळीस रुपयांचं सामान, तेव्हापासून दोन सीझन झाले, हाललेला नाही.

बोर्ड उघडाच येतो, त्याला डबी पाहिजे. चाळीस रुपयांच्या प्लास्टिकच्या प्रोजेक्ट बॉक्समध्ये बसवला आणि स्टिअरिंगच्या डावीकडे डबल टेपने चिकटवला. दुपारच्या उन्हात डिस्प्ले अजिबात दिसत नव्हता, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून लाल जिलेटिन पेपर आणून दोन पदरी पुढे लावला. एवढ्याने खूप फरक पडला, लाल आकडे उठून दिसतात आणि बाकी सगळं काळं होतं.

बझरची वेगळी कथा. इलेक्ट्रिशियनने पहिल्यांदा त्याच्याकडे पडलेला रिव्हर्स हॉर्न लावला, तो गाणं वाजवणारा. टेस्ट करायला वाजवला तर दुकानातल्या पोराने मागे बघितलं गाडी रिव्हर्स येतेय का म्हणून. धोक्याचा आवाज असा पाहिजे की गाडीत दुसरा कशाचाच तसा आवाज नसेल, ऐकल्या ऐकल्या पाय ब्रेकवर गेला पाहिजे. तो बदलून १२ व्होल्टचा पिझो बझर लावला, सलग किंचाळणारा, ऐंशी रुपयांचा, आणि सोबत एक लाल दिवा. घाटात खिडक्या उघड्या, पुढे एसटी हॉर्न देतेय, तरी ऐकू येतो. माझ्या मते सगळ्या सेटअपमध्ये हा ऐंशी रुपयांचा बझर सगळ्यात महत्त्वाचा. आकडा कितीही अचूक असू दे, कुंभार्लीच्या वळणावर समोरून ट्रक येत असताना आपण आकडा बघत नाही, बघू पण नये.

अलार्म कितीवर ठेवायचा हे दुसऱ्याला विचारून ठेवू नका. सेन्सर ज्या बोल्टखाली आहे तिथला आकडा हा त्या जागेचा आकडा, तुमच्या गाडीत वेगळा येणार. मी आठ दिवस नुसतं बघत होतो आणि लिहून ठेवत होतो. सपाटीला गुहागर रोडला ८४ ते ८८. रिकामी गाडी घाटात ९२-९३. भरलेली गाडी, दुपारी, घाटात ९७ ते १०१, रेडिएटरचा फॅन लागला की दोन-तीनने उतरतो, बंद झाला की परत चढतो. म्हणजे माझ्या गाडीचा निरोगी असतानाचा सगळ्यात वरचा आकडा १०१, अलार्म १०६ ला ठेवला. बोर्ड ११० च्या वर आकडा दाखवतच नाही, एचएचएच येतं, म्हणून अलार्म त्याच्या पुरेसा खाली पाहिजे.

आणि १०६ म्हणजे पाणी उकळलं असं नाही. रेडिएटरच्या टोपीमुळे आत दाब राहतो, माझ्या टोपीवर ०.९ लिहिलंय, तेवढ्या दाबात साधं पाणी पण ११९ च्या आसपास उकळतं, कूलंट असेल तर आणखी सात-आठ डिग्री वर. म्हणजे अलार्म वाजल्यावर थांबायला थोडा वेळ असतो, बाजूला सुरक्षित जागा बघून थांबता येतं, वळणावरच गाडी सोडून पळायची गरज नाही. पण हे सगळं टोपीचं रबर चांगलं असेल तर. ते कडक झालं असेल तर दाब धरत नाही आणि मग शंभरलाच उकळी. टोपी दीड-दोनशेला येते, बदला.

एक गोष्ट बघून घाबरू नका. घाट चढून वर आल्यावर हेळवाकला चहाला गाडी बंद केली आणि चावी नुसती ऑनला ठेवली तर आकडा खाली यायच्या ऐवजी वर जातो, माझा ९६ वरून १०३ ला गेला होता. पंप बंद, पाणी फिरायचं थांबतं आणि आतली धग हेडमध्येच साठते. पाच-सात मिनिटांनी उतरायला लागतो. म्हणून घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, एखादं मिनिट गाडी जागेवर चालू राहू दे.

आता मुख्य, एवढं करून उपयोग झाला का. या मे मध्ये झाला. सोळा पेट्या होत्या, शेजारी बाबा बसलेले, घाटाच्या मध्याच्या वर आलो आणि बझर किंचाळला. बाबांनी आधी डबीवर हात मारला, त्यांना वाटलं काय तरी शॉर्ट झालं. आकडा १०६, मग १०७. आणि कंपनीचा काटा? अर्ध्याच्या जरासा वर, नेहमी घाटात असतो तिथेच. काट्यावर विसंबलो असतो तर अजून सहज दोन-तीन किलोमीटर गेलो असतो. पुढे रुंद जागा होती तिथे घेतली, गाडी न्यूट्रलला चालूच ठेवली कारण रेडिएटरच्या बाटलीत पाणी दिसत होतं, आणि खाली वाकून बघितलं तर फॅन फिरतच नव्हता. फॅनच्या कनेक्टरची एक पिन काळी पडून वितळलेली. गाडी बंद केली, अर्धा तास थांबलो, कनेक्टर तोडून वायरा सरळ पिळून टेप मारली, फॅन लागला, आकडा ९३ ला आला आणि दुपारी दोनला आम्ही कराडला. खर्च शून्य, नंतर नवीन कनेक्टर साठ रुपये.

गाडी चालू ठेवायची की बंद करायची यात लोक चुकतात म्हणून लिहितो. पाणी असेल तर थोडा वेळ जागेवर चालू ठेवलेली बरी, पंप फिरतो, हेडमधली धग निघते. पाणी गेलेलं असेल, खाली गळताना दिसत असेल किंवा आकडा उतरायचं नावच घेत नसेल तर त्या क्षणी बंद. आणि दोन्ही वेळी रेडिएटरची टोपी उघडायची नाही, कितीही घाई असली तरी, आत शंभरच्या वरचं पाणी दाबात असतं, उघडलं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. आमच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरचा हात आणि मान भाजलेली मी बघितली आहे, पाणी भरायला गेलेला माणूस थेट हॉस्पिटलला गेला. गरम हेडवर गार पाणी पण ओतू नका, तडा जातो.

या सेटअपमधला खरा दोष पण सांगितला पाहिजे. सेन्सरची वायर तुटली तर बोर्ड एलएलएल दाखवतो आणि गप्प बसतो, बझर वाजत नाही. या जातीच्या सेन्सरला वायर तुटणं म्हणजे खूप गार असं वाटतं. म्हणजे हा पण एका प्रकारे मुका होऊ शकतो, फरक एवढाच की डिस्प्लेवर दिसतं. म्हणून मी दोन गोष्टी करतो, रोज सकाळी निघताना आकडा बाहेरच्या हवेएवढा आहे ना ते बघतो, आणि दर रविवारी अलार्म २० वर आणून बझर वाजवून बघतो आणि परत १०६ करतो. परत करायला विसरलो तर बझरच आठवण करून देतो.

दुसऱ्यांकडे बघितलेल्या दोन वस्तू थोडक्यात. मामांच्या जुन्या जीपला ट्रॅक्टरचं मेकॅनिकल मीटर आहे, पितळेची बल्ब आणि तांब्याची बारीक नळी थेट मीटरपर्यंत, वायरच नाही. ट्रॅक्टर स्पेअरच्या दुकानात मिळतं. बॅटरी डाउन असो, अर्थ खराब असो, ते दाखवतंच, मजबूत चीज आहे. पण नळीला घडी पडली की संपलं, दुरुस्त होत नाही, बल्ब पाण्यातच असल्याने कोरडी पडायचा प्रश्न तोच, आणि अलार्म नाही. ओम्नीत सीट सारखी उचलावी लागते, त्यात ती नळी जगणार नाही.

मित्राच्या ईकोला ओबीडी सॉकेटमध्ये, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचायच्या सॉकेटमध्ये, छोटं ब्लूटूथ यंत्र लावलंय आणि मोबाईलवर ॲप. कसलीच तोडफोड नाही, पाच मिनिटांत काम, गाडीच्या कंपनीचाच सेन्सर आकड्यात वाचता येतो, म्हणजे जो काटा मधल्या पट्ट्यात गप्प उभा असतो त्याच्या मागचा खरा आकडा. ॲपमध्ये अलार्म पण लावता येतो. ज्यांची गाडी नवीन आहे आणि वॉरंटीत आहे त्यांनी हेच करावं, वायरा कापू नयेत. पण फोन तापून ॲप बंद झालं, कॉल आला, ब्लूटूथ सुटलं की अलार्म गेला, आणि सेन्सर पाण्यातलाच. मित्राला मी धातूवालं पण लावायला सांगितलंय, वॉरंटी संपली की लावतो म्हणालाय.

माझा एकूण खर्च सांगतो. मेलेला बोर्ड धरून दोन बोर्ड २६०, रिंग सेन्सर ९०, बझर आणि दिवा शंभर, डबी-फ्यूज-डायोड-वायर-स्लीव्ह मिळून अडीचशे, इलेक्ट्रिशियन आणि चाचांची मजुरी सहाशे. तेराशेला झालं सगळं. ऑनलाइनवालं गोल मीटर काढलेलं नाही, ते पण चालू आहे, आणि दोघं मिळून जास्त कळतं. धातूचा आकडा चढतोय आणि पाण्याचा उतरतोय असं कधी दिसलं तर पाणी गेलं, थांबा, एवढं सरळ आहे. हे एकट्या मीटरवर कळत नाही.

इलेक्ट्रिशियनच्या कामाला मी दहापैकी आठ देईन. पोरगा हुशार आहे, सोल्डरिंग स्वच्छ, वायर टाय मारून नीट बांधलेल्या, पैसे पण वाजवी घेतले. दोन मार्क कापले ते पहिल्या वेळी फ्यूज न लावल्याबद्दल. आता तो कुठल्याही गाडीला आधी फ्यूज लावतो, मी मुद्दाम जाऊन बघितलंय.

पुढचं काम म्हणून पाण्याच्या लेव्हलचा अलार्म डोक्यात आहे. तापण्याच्या आधी पाणी कमी होतं, मग तापतं, म्हणजे लेव्हलवाला अलार्म सगळ्यात आधी सांगू शकेल. रेडिएटरच्या वरच्या टाकीत एक पिन, पाणी पिनला लागलेलं असेल तोवर गप्प, सुटलं की बझर, असं सोपं सर्किट इलेक्ट्रिशियनने कागदावर काढून दिलंय. अडचण एकच, चढावर आणि वळणावर टाकीतलं पाणी हिंदकळतं आणि खोटा बझर वाजेल, त्याला पाच-सहा सेकंदांचा उशीर घालावा लागेल. गणपतीच्या आधी करून घेणार आहे कारण तेव्हा मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांचं सामान आणायला गाडी रोज बाहेर असते. कोणी ओम्नीच्या रेडिएटरला अशी पिन बसवली असेल तर टाकीला भोक कुठे पाडलं आणि सील कशाने केलं ते सांगा, तेवढं एकच अडलंय.